गादीखालचं पाणी: ओरेगॉनच्या किनाऱ्यावर आरव्हीत दर हिवाळ्यात परत येणारी ओल

चादर बदलायला म्हणून गादीचा कोपरा उचलावा, तर खालचा प्लायवूड ओलाकिच्च. हात फिरवला की पाणी लागतं, आणि भिंतीकडच्या कडेला मिरीच्या दाण्याएवढे काळे ठिपके. खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या खाचेत पाणी साचलेलं, कपाटातल्या स्वेटरना कुबट वास, डब्यातले पोहे सादळलेले. सगळं पुसून, वाळवून घेतलं की आठवडाभर बरं जातं आणि मग परत तेच.

हा त्रास आम्ही दोन हिवाळे पूर्ण काढला. तिसऱ्या हिवाळ्यात कारण सापडलं, आता चौथा चालू आहे आणि गादीखालचं लाकूड कोरडं आहे. म्हणून जे जे केलं, जे फुकट गेलं आणि जे लागू पडलं, ते सगळं लिहून ठेवते. किनाऱ्यावर आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, हिवाळा काढणाऱ्या आपल्या लोकांपैकी कुणाचा तरी एक हिवाळा वाचावा एवढीच इच्छा.

आम्ही दोघं नोव्हेंबर ते मार्च ओरेगॉनमधल्या न्यूपोर्टला 28 फुटी ट्रेलरमध्ये राहतो. निवृत्तीनंतर पोर्टलंडजवळच्या बीव्हर्टनचं घर भाड्याने दिलं आणि हे सुरू केलं. माझं माहेर गुहागरचं, समुद्राचा आवाज कानावर असला की मला झोप लागते. शिवाय व्यवहाराची बाजूही आहे. आतल्या डोंगराळ भागात हिवाळ्यात ट्रेलरचे नळ गोठतात. इथे जानेवारीतही दिवसाचं तापमान 10 अंशांच्या आसपास आणि रात्रीचं 3-4 अंश, त्यामुळे पाण्याचे पाइप गोठायची वेळ क्वचित येते. यक्विना खाडीवरचा 1936 सालचा हिरवट कमानींचा पूल, धक्क्यावर रात्रभर ओरडणारे सी लायन, खेकड्यांचा हंगाम सुरू झाला की होड्यांच्या दिव्यांची समुद्रावरची रांग, हे सगळं मिळतं. आणि मिळतो पाऊस. वर्षाला सुमारे 70 इंच, त्यातला बहुतेक ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये, आणि तो वरून कमी, नैऋत्येकडून आडवा जास्त.

आडव्या पावसामुळेच आमची पहिली चूक झाली.

आधी ठरवा: गळतंय की घाम येतोय?

गादीखाली पाणी दिसलं की मन लगेच म्हणतं, ट्रेलर गळतोय. आम्हीही तेच धरून चाललो. पहिल्या हिवाळ्यात छताचे सगळे सांधे एका दुरुस्तीवाल्याकडून सील करून घेतले. दुसऱ्या हिवाळ्यात परत पाणी दिसलं, त्याने परत सील करून परत पैसे घेतले. पाणी कुठून येतंय हे दोन्ही वेळा त्याने तपासलं नाही. आम्हीही तपासा म्हटलं नाही, याची खंत जास्त आहे, कारण तपासणी घरच्या घरी होते आणि जवळजवळ फुकट होते.

ॲल्युमिनियम फॉइलचा तळहाताएवढा चौकोन घ्या. ज्या भिंतीला ओल येते ती आधी पंख्याने नीट कोरडी करा आणि फॉइलच्या चारही कडा टेपने पक्क्या चिकटवा. दोन दिवस थांबा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ते आतल्या हवेतलं, म्हणजे घाम. फॉइल सोलून काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतंय, म्हणजे गळती. आम्ही असे पाच चौकोन लावले: पलंगाच्या डोक्याशी, दोन्ही खिडक्यांखाली, कपड्यांच्या कपाटात आणि स्वयंपाकाच्या ओट्यामागे. चार ठिकाणी पाणी खोलीकडून निघालं. एकाच ठिकाणी, नैऋत्येकडच्या खिडकीखाली, मागची बाजू ओली होती.

त्या एका जागेची गोष्टही सांगते, कारण किनाऱ्यावर ती बऱ्याच जणांकडे असणार. आरव्हीच्या खिडकीच्या चौकटीला बाहेरून खालच्या पट्टीत दोन-तीन बारीक चिरा असतात. खाचेत आलेलं पावसाचं पाणी त्यातून बाहेर जावं अशी योजना असते. समुद्राकाठी त्या चिरांत वाळू बसते, वाळूवर हिरवं शेवाळ धरतं आणि तोंड बंद होतं. मग खाच भरते आणि पाणी आतल्या बाजूला उतरतं. आमच्या खिडकीतून दात कोरायच्या काडीने चिमूटभर हिरवट-काळा गाळ निघाला आणि त्यामागून कपभर पाणी भळकन बाहेर आलं. त्या जागेची गळती तेवढ्यावर थांबली. आता दर महिन्याच्या पहिल्या कोरड्या दिवशी मी सगळ्या खिडक्यांच्या चिरा काडीने साफ करते आणि वरून बाटलीने पाणी ओतून ते बाहेर येतंय ना ते बघते.

तुमच्या फॉइलची मागची बाजू सगळीकडे ओली निघाली तर मात्र पुढचं वाचायच्या आधी गळती शोधा. छताच्या कडा, कोपऱ्यांच्या पट्ट्या, स्लाइड-आउटचं (बाहेर सरकणाऱ्या भागाचं) रबर, छतावरच्या झडपांच्या भोवतीचा सीलंट. टोचायच्या दोन सुया असलेला ओलावामापक स्वस्तात मिळतो. लाकडात 15 टक्क्यांच्या आत आकडा असेल तर ठीक, 20 च्या वर सतत राहत असेल तर लाकूड कुजायची तयारी चालली आहे असं समजा.

आपली कोकणातली सवय इथे उलटी पडते

आता घामाकडे. आणि इथे मला मनापासून जे सांगायचं आहे ते आधी सांगते: बाहेर धो-धो पाऊस चालू असतानाही खिडकी उघडी ठेवा.

मला हे पटायला दोन वर्षं लागली. लहानपणापासून आईचं एकच सांगणं, पावसाळ्यात खिडक्या लावून घ्या, ओल आत येते. गुहागरला ते खरंच होतं. जुलैत हवा 27 अंशांची आणि आर्द्रता 90 टक्के, म्हणजे एका घनमीटर हवेत सुमारे 23 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात. तशी हवा घरात आली की मीठ पाझरतं, पापड सादळतात, चामड्याच्या चपलांवर बुरशी येते. तीच समज घेऊन मी न्यूपोर्टला पहिला पाऊस लागताच छतावरच्या झडपा घट्ट बंद केल्या, दाराखाली टॉवेल सरकवला आणि हीटर लावून बसले.

पण न्यूपोर्टची हिवाळ्यातली हवा 7 अंशांची असते. तिची आर्द्रताही 90 टक्केच दाखवतात, पण थंड हवेच्या अंगात पाणी धरायची ताकदच कमी, त्यामुळे घनमीटरमागे पाणी फक्त 7 ग्रॅम. तीच हवा आत आणून 20 अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली उतरते. म्हणजे बाहेरची पावसाळी, ओलीगच्च वाटणारी हवा आमच्या ट्रेलरमधल्या हवेपेक्षा कितीतरी कोरडी होती. आमच्या आत सकाळी 20 अंशांना 68 टक्के आर्द्रता असायची. म्हणजे घनमीटरमागे जवळजवळ 12 ग्रॅम. आम्ही कोरडी हवा बाहेर अडवून ओली हवा आत कोंडून ठेवत होतो.

आता हे पाणी भिंतीवर का बसतं ते बघा. 20 अंश आणि 68 टक्के असलेल्या हवेचा दवबिंदू 14 अंशांच्या आसपास येतो. 14 पेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागाला ती हवा टेकली की पाणी सुटणारच. बाहेर 7 अंश असताना आरव्हीच्या एकेरी काचेची आतली बाजू 10 अंशांच्या जवळपास असते. गादीखालचा प्लायवूडही तसाच, कारण त्याच्याखाली सामानाचा थंड कप्पा असतो. काच 10 अंशांची असेल तर तिला घाम फुटू नये म्हणून आतली आर्द्रता 50 टक्क्यांपर्यंत खाली आणावी लागते. आमचं सगळं काम या एका आकड्याभोवती फिरतं: रात्री झोपताना 50, सकाळी उठताना 55 च्या वर नको.

यासाठी हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, लागतो. स्वस्त डिजिटल चालतात, पण ते बऱ्याचदा चार-पाच टक्के खोटं बोलतात, म्हणून आधी मिठाने पारखून घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ, त्यात थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं, मीठ विरघळून जाऊ द्यायचं नाही. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत घालून रात्रभर बंद ठेवा. सकाळी आकडा 75 यायला हवा. माझ्या तीनपैकी एकाने 75, एकाने 71 आणि एकाने 79 दाखवलं. त्यांच्या पाठीवर मार्करने फरक लिहून ठेवला आहे. एक पलंगाच्या डोक्याशी, एक ओट्याजवळ आणि एक गादीखाली, पाय येतात त्या बाजूला.

पाणी येतं कुठून

झोपलेला माणूस श्वासातून आणि घामातून तासाला साधारण 40 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोघांचे आठ तास धरले तर अर्ध्या लिटरच्या वर. हे टाळता येत नाही, बाहेर घालवावंच लागतं.

बाकीचं बरंचसं टाळता येतं. प्रोपेन जळताना पाणी तयार होतं, एक किलो गॅसमागे 1.6 किलो. शेगडीची ज्योत आत जळते, त्यामुळे रोज 150 ग्रॅम गॅस स्वयंपाकाला लागला तर पाव लिटर पाणी नुसत्या ज्योतीतून आलं. भाताची, डाळीची, चहाची वाफ वेगळी. ट्रेलरची मूळची फर्नेस, म्हणजे खोली गरम करणारी गॅसची भट्टी, मात्र निर्दोष असते, तिचा धूर आणि वाफ बाहेर जाते. दोष असतो तो बाहेर नळकांडं नसलेल्या छोट्या प्रोपेन हीटरमध्ये. 9,000 बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप) असा हीटर तासाला 0.3 लिटर पाणी हवेत ओततो. पहिल्या वर्षी आम्ही संध्याकाळी चार तास तो लावायचो, म्हणजे सव्वा लिटर पाणी आपल्या हाताने आत शिंपडत होतो. शिवाय तो आतला प्राणवायूही खातो. तो हीटर मी ट्रेलरमधूनच काढून टाकला. आता विजेचा 1,500 वॅटचा हीटर आणि गरजेपुरती फर्नेस. 30 ॲम्पियरच्या जोडणीवर 1,500 वॅटचा एक हीटर साडेबारा ॲम्पियर घेतो, त्यामुळे तो, मायक्रोवेव्ह आणि पाण्याचा गीझर एकाच वेळी चालवू नका.

कपडे आत वाळत घालणं हा आपल्याकडचा खास प्रकार. मशीनमध्ये पिळून निघालेल्या चार किलो कपड्यांतही दोन लिटरच्या आसपास पाणी उरलेलं असतं, आणि ते सगळं तुमच्या हवेत जातं. कॅम्पग्राउंडच्या ड्रायरला नाणी घाला. किनाऱ्यावरून भिजून आलेले रेनकोट आणि बूट बाथरूममध्ये टांगा, दार लावा, पंखा सोडा.

कुकरच्या शिट्ट्या आणि बंद झडप

आमच्या बाबतीत गाठ सुटली ती कुकरमुळे.

तिसऱ्या वर्षीचा नोव्हेंबर. शेजारच्या ट्रेलरमध्ये एक निवृत्त मच्छीमार राहतात, पंचाहत्तरीच्या पुढचे, वीस हिवाळे आरव्हीत काढलेले. संध्याकाळी ते दाराशी आले. मी आत डाळीचा कुकर लावला होता, ओट्यावरचा पंखा जोरात चालू होता. ते दारातच थांबले, मग मागे जाऊन आमच्या ट्रेलरच्या भिंतीकडे बघत उभे राहिले. म्हणाले, "आत एवढं शिजतंय, पंखा ऐकू येतोय, मग तुमची वाफ कुठे जाते?" मी बाहेर आले. थंडीत त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून पांढरी वाफ भसाभसा बाहेर पडत होती. आमच्या भिंतीतून काहीच नाही.

ओट्यावरच्या पंख्याची हवा बाहेर जाते तिथे भिंतीला एक चपटी झडप असते. गाडी रस्त्यावर असताना ती फडफडू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या छोट्या खिट्ट्या असतात. मुक्कामाला पोचल्यावर त्या फिरवून झडप मोकळी करायची असते. आमच्या खिट्ट्या ट्रेलर घेतला त्या दिवसापासून बंद होत्या. दोन हिवाळे पंखा नुसता घुरघुरत होता आणि सगळी वाफ ओट्यावरच्या कपाटाला लागून परत खोलीत येत होती. त्यांनी खिशातल्या चाकूच्या पात्याने दोन्ही खिट्ट्या सरकवल्या. एक तर मिठाने अशी धरली होती की मोडलीच. आतून पुढची शिट्टी झाली आणि भिंतीतून वाफेचा लोट निघाला. मसूर आणि लसणीच्या फोडणीचा वास बाहेर आला. मला त्या क्षणी रडू आलं होतं, कारण दोन वर्षं नवऱ्याचा खोकला आणि माझी सकाळची पुसापुशी डोळ्यांसमोर होती.

तुम्ही आज उठून पहिलं काम हे करा. बाहेर जाऊन ती झडप बोटाने उघडून बघा. पंखा चालू करून तिच्यासमोर टिश्यू पेपर धरा, तो बाहेर उडायला हवा. काही ट्रेलरमध्ये ओट्यावरचा पंखा बाहेर जोडलेलाच नसतो, हवा जाळीतून गाळून परत खोलीत सोडतो. वाफेसाठी त्याचा काही उपयोग नाही. तसं असेल तर स्वयंपाक करताना छतावरचा पंखा बाहेरच्या दिशेने लावा. मी आता डाळ-भात विजेच्या कुकरमध्ये करते आणि वाफ सोडायची वेळ आली की तो पंख्याखाली सरकवते. ज्योतीचं पाणी गेलं आणि शिट्ट्यांची वाफही बाहेर गेली.

रात्रीची हवा

दोघांच्या श्वासाचं पाणी बाहेर काढायला तासाला सुमारे 50 घनमीटर हवा बदलावी लागते. आमच्या ट्रेलरमध्ये सामान वजा जाता 35 घनमीटर हवा मावते, म्हणजे दर तासाला दीड वेळा सगळी हवा बदलायची. ऐकायला फार वाटतं, पण बाथरूममधला छोटा 12 व्होल्टचा पंखा याला पुरेसा होतो. पंखा बाहेरच्या दिशेने, बाथरूमचं दार फटीइतकं उघडं, आणि पलंगाजवळची एक खिडकी दोन बोटं उघडी. हवा खिडकीतून येते, पलंगावरून जाते आणि बाथरूममधून बाहेर पडते. क्रम महत्त्वाचा आहे. पंख्याजवळचीच खिडकी उघडली तर हवा तिथल्या तिथे फिरते आणि पलंग ओलाच राहतो.

वाऱ्याच्या बाजूची खिडकी उघडू नका, पाऊस आत येईल. इथे वादळाचा वारा बहुतेक दक्षिण-नैऋत्येचा असतो, म्हणून आम्ही ईशान्येकडची उघडतो. छतावरच्या झडपेला बाहेरून प्लास्टिकची टोपी बसवून घ्या, मग ती भर पावसातही उघडी ठेवता येते. या टोपीवर खर्च केलेले पैसे सगळ्यात आधी वसूल झाले.

"सगळी ऊब बाहेर जाईल" ही नवऱ्याची शंका होती. हिशेब करून बघितला. रात्रीच्या आठ तासांत 400 घनमीटर हवा 7 वरून 20 अंशांवर आणायला पावणेदोन युनिट वीज लागते. महिन्याच्या मुक्कामाला वीज मीटरप्रमाणे वेगळी द्यावी लागते, त्यामुळे हा खर्च आहेच, पण वर्षाआड गादी बदलण्यापुढे तो किरकोळ आहे.

एक काम मात्र करू नका: रात्री हीटर पूर्ण बंद करणं. आतलं तापमान 10 वर गेलं की भिंती, गादी, कपाटं सगळी थंड होतात आणि सकाळी कॉफीची पहिली वाफ थेट त्यांच्यावर बसते. आम्ही 16-17 अंश ठेवून रजई घेतो. फर्नेस किंवा शेगडी वापरणाऱ्यांनी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तपासावा. पाठीवर मुदत लिहिलेली असते आणि जुन्या ट्रेलरमध्ये ती बऱ्याचदा उलटून गेलेली निघते.

गादी

खिडकी उघडी ठेवूनही गादीखाली थोडी ओल राहतेच, कारण अंगाची ऊब आणि वाफ गादीतून खाली उतरते आणि थंड लाकडावर अडकते. तिथे हवेला वाट हवी. आम्ही प्लायवूडवर सीडरच्या लाकडाच्या चार सेंटिमीटर उंचीच्या पट्ट्या तीन-तीन बोटं अंतराने ठोकल्या आणि त्यावर गादी टाकली. ज्यांना उंची वाढवायची नाही त्यांच्यासाठी होड्यांच्या दुकानात विणलेल्या कडक जाळीचा दोन सेंटिमीटरचा थर मिळतो. होड्यांवर राहणाऱ्या लोकांचा हाच त्रास, त्यामुळे त्यांचं सामान आपल्या कामाचं असतं. गादी भिंतीपासून चार बोटं दूर सरकवा. सकाळी उठल्यावर लगेच अंथरूण नीटनेटकं करू नका. रजई पायथ्याशी दुमडा, गादीची एक बाजू उशीवर टेकवून तासभर उचलून ठेवा. गादी उन्हात टाकायची आपली पद्धत इथे चालत नाही, डिसेंबरात ऊनच नसतं.

बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटांची दारं रात्री किलकिली ठेवा. कपडे भिंतीला टेकतील इतके कोंबू नका.

ज्यावर पैसे गेले

खिडक्यांना चंदेरी फुग्यांचा कागद लावला. ऊब थोडी राहिली, पण काच आणखी थंड झाली आणि कागदामागे पाण्याच्या धारा लागल्या. दिसत नव्हत्या एवढंच. लावायचाच असेल तर रोज सकाळी काढा, पुसा, वाळवा.

ओल शोषणाऱ्या दाण्यांचे डबे, म्हणजे कॅल्शियम क्लोराइड, बंद कपाटात बरे. पूर्ण ट्रेलरला पुरत नाहीत, आणि डब्यात जमलेलं खारट पाणी सांडलं तर धातू खातं. छोटे, आवाज न करणारे विजेचे डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारी यंत्रं) दिवसाला वाटीभर पाणी काढतात. आपण रोज त्याच्या कित्येक पट हवेत सोडतो. कंप्रेसरचा मोठा डिह्युमिडिफायर उबदार खोलीत छान चालतो, पण आतली हवा 15 अंशांच्या खाली गेली की त्याच्या नळ्यांवर बर्फ धरायला लागतो. थंड जागेसाठी डेसिकंट जातीचा, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा येतो. तो वीज जास्त घेतो, पण ती ऊब म्हणून खोलीत परत मिळते. आमच्याकडे तसा एक आहे, फार ओल्या आठवड्यात लावतो. हवाईकडून उबदार, ओल्या वाऱ्याचा पट्टा येतो तेव्हा बाहेरचाच दवबिंदू 11-12 वर जातो, त्या दोन-तीन दिवसांत खिडकी पुरी पडत नाही.

यावरूनच दक्षिणेकडे जाणाऱ्यांसाठी एक सूचना. टेक्सासच्या गल्फ किनाऱ्यावर, पोर्ट अरान्सस किंवा गॅल्व्हस्टनला हिवाळा काढणार असाल तर माझा खिडकीचा नियम डोळे मिटून लावू नका. तिथे थंडीची लाट येऊन गेली की हवा कोरडी असते, पण मधल्या दिवसांत समुद्रावरून धुकं येतं आणि दवबिंदू 18-20 पर्यंत चढतो. त्या दिवशी गुहागरचा नियम: खिडक्या बंद, एसी किंवा डिह्युमिडिफायर चालू. हवामानाच्या ॲपमध्ये आर्द्रतेची टक्केवारी बघू नका, दवबिंदू बघा. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा कमी असेल तर उघडा, जास्त असेल तर लावा.

आधीच बुरशी धरली असेल तर

एन-95 मास्क, हातमोजे, खिडकी उघडी. साबणाचं कोमट पाणी आणि ताठ ब्रश, घासून पुसायचं आणि पंख्याने त्याच दिवशी पूर्ण कोरडं करायचं. कच्च्या लाकडावर ब्लीचने रंग जातो, पण ब्लीच आत मुरत नाही आणि त्यातलं पाणी मात्र मुरतं. ब्लीच व्हिनेगरमध्ये किंवा अमोनियाच्या कुठल्याही द्रावात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. गादीच्या फोममध्ये काळे डाग खोल गेले असतील तर ती टाकून द्या. आम्ही जीव तुटत असतानाही टाकली, आणि नवऱ्याचा रात्रीचा खोकला दोन आठवड्यांत बराच कमी झाला. प्लायवूडला बोट दाबून तो दबत असेल तर तेवढा तुकडा कापून नवा बसवावा लागतो, त्याला वरून औषध नाही.

वादळात वीज गेली की

हे वर्षातून दोन-तीनदा होतंच. वीज गेली की विजेचा हीटर बंद, आणि फर्नेसचा पंखा बॅटरीतून 7-8 ॲम्पियर ओढतो. 100 ॲम्पियर-तासांच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीतले निम्मेच वापरावेत, म्हणजे फर्नेसला सलग सहा तास. आम्ही ती झोपण्याआधी तासभर आणि पहाटे तासभर लावतो. बाथरूमचा पंखा बंद करतो, पण झडप आणि खिडकीची फट उघडीच ठेवतो. वारा सुटलेला असतो, हवा आपोआप खेचली जाते. शेगडी पेटवून खोली गरम करायचा मोह त्या रात्री फार होतो. तो टाळा: पाणी तर येईलच, पण बंद ट्रेलरमध्ये कार्बन मोनॉक्साइड माणसाला उठूही देत नाही. थर्मासमध्ये दिवसाच चहा भरून ठेवा, आणि वीज आली की सगळ्यात आधी बाहेरच्या विजेच्या खांबावरचा ब्रेकर पाडा, मग तिथला प्लग काढून त्याच्या पितळी पात्यांवर हिरवट मीठ चढलंय का ते बघा. चढलं असेल तर ते घासून काढा आणि कोरडं करून परत जोडा.